एकोणीस अख्खी विमानं

"आजोबा, तुमचं एकतरी विमान कधी उडलं का हो?"

हा प्रश्न खरं तर भिंगरीचा नव्हता. वर्गातल्या तिघींनी मिळून तो बनवला होता, मधल्या सुट्टीत त्याची तालीम घेतली होती, आणि तो विचारायची हिंमत सबंध शाळेत फक्त भिंगरीतच आहे असं तिला पटवून दिलं होतं. तिला असलं काही पटवायला वेळ लागत नसे. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. यंदा वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला, आणि तेव्हापासून तिचं तोंड म्हणजे चावी तुटलेला नळ झालं होतं. घरचे ते बंद करायचा प्रयत्न सोडून आता फक्त खाली बादली धरत.

तिघी दाराबाहेरच्या पाटीमागे लपल्या आणि भिंगरी आत शिरली.

तो एके काळचा दातांचा दवाखाना होता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. थरथरत्या हाताच्या दंतवैद्यासमोर तोंड उघडून बसेल असा शूर माणूस गावात एकही निघाला नाही. पेशंट गेले. मागे राहिली ती खुर्ची, वरचा दिवा, कोरण्या, चिमटे आणि डॉक्टर. काचेच्या कपाटात पूर्वी कवळ्या मांडलेल्या असत, तिथे आता विमानं होती. एखादं बोटाएवढं, एखादं तळहाताएवढं. लाकूड कोरून, त्याचा साचा काढून, ओतून, घासून, रंगवून केलेली. प्रत्येकाच्या शेपटीवर मुंगीने वाचावा एवढ्या अक्षरांत नंबर.

डॉक्टरांनी कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि भिंगरीत कुठे कीड लागली आहे ते शोधावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही. आणि हे हातात आहे ना, ते तर पडलेलंच आहे."

पेशंटच्या खुर्चीत कोणीतरी आडवं पसरलेलं होतं. ते उठून बसलं. ते घड्याळजी होते. समोरच्या बोळात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि हल्ली घड्याळं कोणी दुरुस्त करत नसल्याने ते दिवसभर या खुर्चीत पाय वर करून असत.

"मुली, बस," ते म्हणाले. "तीन वर्षांत आम्हाला कोणी प्रश्नच विचारलेला नाही. वीज कंपनीचा माणूससुद्धा नुसतं मीटर बघून जातो."

बाहेरच्या तिघी पाच मिनिटांनी कंटाळून घरी गेल्या. भिंगरी दोन तासांनी बाहेर पडली, आणि त्या दोन तासांत तिला एवढं कळलं.

दवाखान्यात छोटी विमानं करणाऱ्यांचा क्लब होता. मूळचे सभासद सात. आता दोन. मेला असं क्लबात कोणी म्हणत नसे, "उतरला" म्हणत. पाच उतरले होते. क्लबचा नियम एकच: उगाच कुठलंतरी विमान करायचं नाही. जे खरोखर होतं, ज्याला नंबर होता, तेच एक करायचं. आणि डॉक्टरांच्या हातातलं ते मऊ लाकडाचं, दोन पंख्यांचं, वीतभर विमान म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या टेकडीवर आदळलेलं विमान होतं. आत एकोणीस माणसं. एकही उरलं नाही.

त्या वेळी डॉक्टरांना बोलावलं होतं. दातांवरून ओळख पटवायला.

"दरवर्षी त्यांच्या घरची माणसं वाचनालयाच्या हॉलमध्ये जमतात," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. मी जातो. एकदा एक बाई मला म्हणाली, डॉक्टर, ते विमान दिसायला कसं होतं हो? मी पेपरात फक्त तुकडे पाहिले. तेव्हा लक्षात आलं, त्या एकोणीस घरांतल्या कोणीच ते अख्खं पाहिलेलं नाही."

म्हणून एकोणीस विमानं. एकेका घराला एक, यंदाच्या त्या रविवारी द्यायचं. अख्खं.

एक कोरायचं आणि त्यावरून एकोणीस ओतायची. डॉक्टर चौदा महिने कोरत होते. सकाळची गोळी घेतली की हात चाळीस मिनिटं शांत राहत, मग पुन्हा थरथर. म्हणजे रोज चाळीस मिनिटांचं विमान. भिंगरीने मनातल्या मनात हिशोब घातला आणि तो पुरा न करताच म्हणाली, "आजोबा, साचा मी करीन. तुम्ही नुसतं सांगा."

वक्तृत्वाच्या दुसऱ्या नंबराने माणसाचं असं होतं.

आता इथे विमान राहिलं बाजूला आणि सरकार मध्ये आलं. शेपटीवरचा नंबर कोणालाच नीट आठवत नव्हता. डॉक्टर म्हणत शेवटी सात, घड्याळजी म्हणत एक. चौकशीची फाइल जुन्या कागदपत्रांच्या सरकारी कार्यालयात होती, आणि त्या कार्यालयाच्या पहिल्या खिडकीत हेडक्लार्क म्हणून जे गृहस्थ बसत ते भिंगरीचे बाबा होते.

भिंगरीला वाटलं, झालं काम. तिने रात्रीच्या जेवणात विषय काढला. बाबांनी घास तोंडाजवळ थांबवला.

"घरी मी बाप आहे," ते म्हणाले. "ऑफिसचं काम असेल तर ऑफिसात या. दहा ते एक. नमुना क्रमांक चार."

ती गेली. रांगेत अकरावी. तिचा नंबर आला तेव्हा बाबांनी चष्म्यावरून पाहिलं, ओळख दाखवली नाही आणि अर्ज वाचला.

"अर्जदाराचं मृतांशी नातं," ते म्हणाले. "हा रकाना रिकामा आहे."

"बाबा, अहो, अर्जदार डॉक्टरआजोबा आहेत. नातं काही नाही."

"मग अर्ज अपूर्ण. पुढचे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थरथरत्या हाताने त्या रकान्यात लिहून दिलं: दात. बाबांनी ते दोनदा वाचलं. "हे नातं नियमांत बसत नाही," ते म्हणाले. भिंगरी तिथेच, खिडकीच्या गजांना धरून, स्पर्धेतल्या आवाजात बोलली की ज्या माणसाने त्या लोकांना त्यांच्या दातांवरून ओळखलं त्याच्याइतका जवळचा नातेवाईक त्यांना शेवटी कोण होता? रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या मागे बसणारा शिपाई जोरात खोकला. त्या दिवसापासून ऑफिसात बाबांचं नाव 'विमानवाले' पडलं. सव्वीस वर्षांची नोकरी, एकही लाल शेरा नाही, आणि हे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्या रकान्यात 'वैद्यकीय' असं लिहून शिक्का मारला आणि फाइल काढून दिली. फोटोत सगळे तुकडेच होते. शेपटी दोन ठिकाणी पडली होती. एका तुकड्यावर अर्धा नंबर, दुसऱ्यावर उरलेला. शेवटी सातही नव्हता आणि एकही नव्हता. चार होता. बाबा फाइल बंद करताना म्हणाले, "बघून झालं असेल तर सही करा," आणि मग खिडकीची फळी वेळेआधी दहा मिनिटं ओढून घेतली. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

साच्याचं काम सुरू झालं. पद्धत सोपी होती, म्हणजे डॉक्टर सांगत तेव्हा सोपी वाटे. खोक्यात माती थापायची. कोरलेल्या विमानाला क्लबात 'मूळ' म्हणत. ते मूळ मातीत निम्मं बुडवून आडवं ठेवायचं. वरून पातळ रबर ओतायचं. एका दिवसाने ते घट्ट झालं की खोकं उलटं करून माती काढायची. आता निम्मं विमान रबरात आणि निम्मं उघडं. त्यावर पुन्हा रबर ओतायचं. दोन अर्धे साचे तयार. ते उघडायचे, मूळ अलगद बाहेर काढायचं, साचे पुन्हा मिटायचे आणि मधल्या पोकळीत रेझिन ओतायचं. रेझिन दगडासारखं घट्ट होतं आणि विमान जन्माला येतं.

"आणि हे रबर," डॉक्टर अभिमानाने म्हणाले, "कशालाच चिकटत नाही. लाकडाला नाही, काचेला नाही, धातूला नाही. फार सज्जन पदार्थ."

रबरातले बुडबुडे घालवायला दाताच्या साच्यांचं एक थरथरणारं यंत्र होतं. डॉक्टरांनी ते बाजूला सारलं आणि रबराचा पेला स्वतःच्या हातात धरला. बुडबुडे भराभर वर आले. "बघ," ते म्हणाले, "वाया काही जात नाही." घड्याळजी खुर्चीत पडल्या पडल्या हसले. भिंगरीला हसावं की नाही ते कळलं नाही, म्हणून ती अर्धंच हसली.

पहिला अर्धा साचा छान झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर न्हाणीघरात पडले आणि मांडीचं हाड मोडलं.

रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी भिंगरीच्या हातात एक वही दिली. "सगळं लिहिलंय," ते म्हणाले. "दुसरा भाग तू ओत." रविवारला वीस दिवस उरले होते.

भिंगरीने खोकं घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आईने टेबल सोडून जमिनीवर ताटं मांडली. ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. अर्धवट उघडलेल्या गोष्टींना हलवायचं नसतं एवढं तिला माहीत होतं.

वही उघडली तर पहिली चार पानं वाचता येत होती, कारण ती सकाळच्या चाळीस मिनिटांत लिहिलेली होती. पुढची पानं गोळी उतरल्यावरची. तिथे अक्षरं नव्हती, भूकंपाच्या नोंदी होत्या. 'माती काढणे. मूळ स्वच्छ पुसणे. मग' असं दिसत होतं, आणि त्या 'मग'च्या पुढे तीन ओळींची नुसती थरथर.

"मग काय असणार," भिंगरी म्हणाली. "मग ओतणे."

अशा वेळी इमारतीत सल्ल्यांची कमी नसते. खालच्या मजल्यावरच्या काकू वासाने वर आल्या आणि म्हणाल्या, आमच्या नणंदेने असंच काहीतरी घरात आणलं होतं, सहा महिन्यांत तिच्या भुवया गेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली की निवासी सदनिकेत विमाननिर्मिती करण्यास समितीची लेखी परवानगी लागते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर चष्मा पुसत आले, त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मध्ये काही लावणार आहेस का? वंगण वगैरे?"

"छे! हे रबर कशालाच चिकटत नाही," भिंगरी म्हणाली. आठ दिवसांत हे वाक्य तिने शाळेत, जिन्यात, दुधाच्या रांगेत मिळून चाळीस वेळा तरी म्हटलं असेल.

"बरोबर," इंजिनिअर म्हणाले. "वंगणाने पृष्ठभाग खराब होतो. मी तीन पूल बांधलेत."

रबर खरोखरच कशालाच चिकटत नाही. फक्त रबराला चिकटतं. हे वाक्याचं उरलेलं अर्धं जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक पाय टांगून हॉस्पिटलात पडला होता आणि दुसरा त्या दिवशी खुर्चीत झोपला होता.

भिंगरीने मूळ पुसून वरून रबर ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोक्याच्या भिंती काढल्या. आतून एक ठोकळा निघाला. गुळगुळीत, गुलाबी, सहाही बाजूंनी सारखा. वरचा भाग कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो याची रेघसुद्धा नव्हती. तिने नख लावून पाहिलं. मग चमचा. मग पट्टी. मग ती खाली बसली.

चौदा महिन्यांचं विमान त्या ठोकळ्याच्या आत होतं. खिडकी नाही, दार नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी जिन्यातून वर-खाली झाली आणि लोक भेटायला आले. हळू आवाजात बोलत, चपला बाहेर काढून, टेबलाभोवती उभे राहिले. कोणी ठोकळ्याला हलकेच हात लावी आणि मान हलवी. काकू म्हणाल्या, बर्फात ठेवा, आकसेल. इंजिनिअर म्हणाले, उकळत्या पाण्यात टाका, फुगेल. तीन पूल बांधलेला माणूस, पण नजर कोणाला देत नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, माझी सूचना फळ्यावर होती, हे नमूद असू द्या.

बाबांनी तेवढ्यात वही उचलली. जुन्या फायलींतली मेलेल्या लोकांची अक्षरं वाचण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. ती तीन ओळींची थरथर त्यांनी दिव्याजवळ धरली आणि खिडकीतून वाचतात तशा आवाजात वाचली:

"'मग पहिल्या रबरावर तेलकट हात फिरवणे. विसरू नये. विसरू नये.' असं आहे. दोनदा."

 भिंगरी नुसती त्या ओळींकडे बघत राहिली. नळ एकदाचा बंद झाला होता आणि घरात कोणालाही त्याचा आनंद झाला नाही.

घड्याळजींना बोलावलं. त्यांनी ठोकळा कानाशी धरून हलवला, सवयीने. "कापायला लागेल," ते म्हणाले. "पण सरळ कापायचं नाही. वेडंवाकडं, नागमोडी कापायचं, म्हणजे दोन अर्धे पुन्हा एकमेकांत नीट बसतात. वेड्यावाकड्या कडा एकमेकींना ओळखतात. अशाने साचा वाचतो. मूळ वाचेलच असं नाही."

आईने थिएटरमधलं पातं आणलं, दिवा जवळ ओढला आणि सगळ्यांना दोन पावलं मागे व्हायला सांगितलं. "मी कापू?" तिने विचारलं.

"नको," भिंगरी म्हणाली. "मी केलंय, मीच."

आई फक्त "श्वास सोडून काप" एवढंच म्हणाली.

नाकापासून पोटापर्यंत छान झालं. शेपटीही सुटली. डाव्या पंखापाशी पातं कशावर तरी अडलं. तिला वाटलं, जाड रबर. तिने जोर दिला.

आवाज अगदी लहान झाला. पेन्सिलीचं टोक मोडावं तेवढाच.

ठोकळा उघडला तेव्हा मूळ बाहेर आलं ते चार तुकड्यांत. पंखाचे तीन आणि बाकीचं एक. पातं पंखातून जाऊन पलीकडच्या रबरातही बोटभर शिरलं होतं. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ते तुकडे तिने ओळीने मांडले, आणि मग बाबांचा चेहरा पाहून तिच्या लक्षात आलं की फाइलमधल्या फोटोतही ते असेच मांडलेले होते.

"साचा आहे," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "साचा उत्तम आहे. मूळ गेलं तर गेलं. पोकळी अख्खी आहे की. ओत."

ओतलं. पहिलं विमान निघालं. नाक, खिडक्या, शेपटी, दोन्ही पंखे, सगळं लखलखीत. फक्त डाव्या पंखावर, पातं जिथे रबरात घुसलं होतं तिथे, एक बारीक पायरी आली होती. पंख मोडून कोणीतरी घाईने जोडावा तशी. भिंगरीने ती घासली. मग पंख पातळ झाला. दुसरं ओतलं, तशीच पायरी. तिसरं, तशीच. साच्याने जखम लक्षात ठेवली होती आणि तो ती प्रत्येकाला इमानदारीने वाटत होता.

"चालेल," इंजिनिअर म्हणाले.

"रंग मारला की दिसणार नाही," काकू म्हणाल्या.

"त्या लोकांना कुठे कळणार आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी तर परवानगीसुद्धा देऊन टाकली.

"आणि डॉक्टरांना सांगू नका हं," काकू दारातून पुन्हा वळल्या. "आजारी माणसाला असलं सांगतात का? हाडाचं दुखणं. धक्का बसायचा."

यावर सगळ्या इमारतीचं एकमत झालं. त्या इमारतीचं पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा अकरा वर्षांत एकमत झालं नव्हतं.

घड्याळजींनी पहिलं विमान रंगवलं. पांढरं अंग, निळा पट्टा, शेपटीवर नंबर, शेवटी चार. पायरीवर रंगाचे तीन थर दिले. खरंच दिसत नव्हती. रविवारला नऊ दिवस उरले होते, आणि भिंगरी ते विमान कापसात गुंडाळून शाळेतून परस्पर हॉस्पिटलात गेली.

हाडांच्या वॉर्डात सहा खाटा होत्या. डॉक्टर खिडकीजवळच्या खाटेवर होते. दहा-अकरा दिवसांत माणूस एवढा लहान होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. छातीत पाणी झालंय, असं बाहेर नर्स म्हणाली होती. हाड जुळेल, बाकीचं बघू.

"सुटलं का मूळ?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"हो!" भिंगरी म्हणाली. "मस्त सुटलं. अलगद. तुम्ही सांगितलं तस्सं."

तिला वाटलं होतं खोटं बोलायला कठीण जाईल. काहीच कठीण गेलं नाही. वक्तृत्वापेक्षा सोपं होतं.

तिने विमान त्यांच्या हातात ठेवलं. भिंग घरी होतं, त्यामुळे त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंच नाही. अंगठ्याने पाहिलं. अंगठा नाकावरून निघाला, खिडक्यांवरून गेला, उजव्या पंखाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. मग डाव्या पंखावर. हात थरथरत होता, सगळं विमान थरथरत होतं. एका जागी अंगठा थांबला. पुढे गेला. मागे आला. पुन्हा तिथेच थांबला.

भिंगरी खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर वाहनतळ होता.

"छान झालंय," डॉक्टर म्हणाले. अंगठा तिथेच होता.  शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा रेडिओ खरखरत होता.

"नऊजण माझ्याकडे आले होते," ते म्हणाले. ते कशाबद्दल बोलत आहेत हे कळायला तिला एक क्षण लागला. "बाकीचे अंगठी, घड्याळ, कपडे यांवरून कळले होते. नऊ दातांवर राहिले. सात मी ओळखले. कोणाची दाढ मी भरली होती, कोणाची काढली होती. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं. दोघं राहिली. दोन तरुण मुलं, एकाच वयाची. दोघांच्याही दाताला कधी कीड लागलेली नाही. एकदम सुरेख दात. ज्याला कधी दवाखान्यात यावंच लागलं नाही त्याची नोंद कुठून असणार?"

"मग?"

"मग काय. बाहेर दोन घरची माणसं उभी होती. चौकशीचे साहेब म्हणाले, डॉक्टर, काहीतरी सांगा. मी सांगितलं. हा यांचा, तो त्यांचा. मला काही माहीत नव्हतं गं. सगळे म्हणाले, चालेल. झाकूनच द्यायचंय. कोणाला कळणार आहे."

त्यांनी विमान तिच्या हातात परत दिलं.

"कोणालाच कळलं नाही," ते म्हणाले. "एकतीस वर्षं. दोन्ही घरं मला दरवर्षी हॉलमध्ये भेटतात. त्यातली एक म्हातारी माझा हात हातात घेते आणि म्हणते, तुमच्यामुळे माझा मुलगा मला मिळाला. माझे हात तीन वर्षांपासून थरथरतात असं लोक म्हणतात. लोकांना दिसायला तीन वर्षं झाली, एवढंच."

  भिंगरीने विमान पुन्हा कापसात गुंडाळलं, आणि तेवढ्यात नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

घरी येईपर्यंत तिने रस्त्यात एकदाही वर पाहिलं नाही. जिन्यात काकूंनी विचारलं, "काय गं, आवडलं का डॉक्टरांना?" तर ती "हो" म्हणून गेली, आणि त्या एका 'हो'चीच तिला शिसारी आली.

आई आणि बाबा जमिनीवर ताटं मांडून तिची वाट बघत होते. टेबलावर कागद, कागदावर तुकडे, त्यांच्या शेजारी ओतलेली पाच पांढरी विमानं ओळीने वाळत होती. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने घरी सांगितलं नाही. ते त्यांचं होतं. तिने फक्त कापसातलं विमान ओळीत शेवटी ठेवलं आणि दप्तरही न उतरवता उभी राहिली.

"जेवायला बस," बाबा म्हणाले. "काय झालं? दुखतंय का त्यांना फार?"

"आवडलं ना?" आईने विचारलं.

"आवडलं म्हणाले." भिंगरीने दप्तराचे पट्टे घट्ट धरले. "पण मी ठरवलंय, आणि तुम्ही आधी सगळं ऐका, मग काय ते बोला. उद्या शाळा सुटली की मी हे तुकडे घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे आणि सांगणार आहे की मूळ मी मोडलं, आणि आज खोटंही मीच बोलले. पहिल्या रविवारी मी वाचनालयाच्या हॉलमध्ये जाणार आहे आणि त्या एकोणीस घरांना तोंडावर सांगणार आहे की विमानं यंदा मिळणार नाहीत, आणि ती माझ्यामुळे मिळणार नाहीत. मग आजोबा खाटेवरून सांगतील तसं मी नवं कोरणार. परीक्षा आहे मला माहीत आहे, बाबा, मी अभ्यास करीन, पण रोज चाळीस मिनिटं मी कोरणार. ते तोवर राहिले नाहीत, तर घड्याळकाकांना विचारून कोरीन. तेही राहिले नाहीत, तर एकटी. चुकलं तर पहिल्यापासून कोरीन. पण रंग मारून देणार नाही."